नवरदेवाचा उखाणा आणि तेवीस कुलुपं

मी विसराळू नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या कॉलनीत सध्या तुम्हाला दुसरंच ऐकू येईल. रिठदच्या शाळेत मी तेवीस वर्षं गणित शिकवतो आहे, गेली तीन वर्षं प्रभारी मुख्याध्यापक आहे, आणि दहावीच्या सत्तावन्न पोरांच्या जन्मतारखा मला तोंडपाठ आहेत. पण पासवर्ड ही पाठ करायची गोष्ट नव्हे, ती लिहून ठेवायची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं. आणि त्या मताप्रमाणे आमच्या रिसोडच्या घरात सगळे पासवर्ड लिहिलेले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर.

हसू नका. कागद हरवतो, डायरी कोणीतरी मागून नेतं आणि परत आणून देत नाही, पण भिंत कुठं जात नाही. कॅलेंडर जरा वर उचललं की खाली पेन्सिलीनं, अनुक्रमांक टाकून, एकाखाली एक तेवीस पासवर्ड. बँक, गॅस, लाईटबिल, शाळेची पोर्टलं. शाळेची पोर्टलं म्हणजे काय प्रकार असतो ते ज्याला भोगायचं त्यालाच माहीत. पोरांच्या हजेरीचं वेगळं, मास्तरांच्या हजेरीचं वेगळं, खिचडीचं वेगळं, आणि खिचडी खाल्ल्याच्या फोटोचं आणखी वेगळं. माझी मुलगी योगिनी म्हणायची, "बाबा, घरात चोर आला तर त्याले काही शोधायचंच काम नाही. उभ्या-उभ्या वाचून घेईन." मी म्हणायचो, "चोर आपलं कॅलेंडर कायले उचलन? त्याले का चतुर्थी पाहायची आहे?"

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे गौरी म्हणतात त्याच, फक्त आमच्याकडे सोळा भाज्यांशिवाय त्या समाधानी होत नाहीत. यंदा महालक्ष्म्यांच्या आधी माझ्या बायकोनं, रूपालीनं, स्वयंपाकघर रंगवायचं काढलं आणि गफ्फारभाई रंगाऱ्याला बोलावलं. मी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तर भिंत लिंबाच्या सालीसारखी पिवळी झालेली, आणि कॅलेंडर ओट्यावर आडवं पडलेलं.

"गफ्फारभाई! इथं लिहिलेलं होतं ना!"

"हाव सरजी, होतं. मॅडमले विचारलं, मिटवू का? त्या म्हणल्या, भिंतीवरचं सगळंच मिटवा."

मी रूपालीकडे पाहिलं. ती कोथिंबीर निवडत होती. "मले काय माहीत," ती मान वर न करता म्हणाली, "मले वाटलं पोराईचे मार्क असतील. तुमी मले कधी सांगतलं काय?"

सांगितलं नव्हतं, हे खरं. पण गफ्फारभाई हसत होते. "टेन्शन नका घेऊ सरजी. आपल्याजवळ फोटो आहे. काम सुरू करायच्या आधीचा एक अन् काम झाल्यावरचा एक, दोन्ही फोटो काढल्याशिवाय मी ब्रश उचलतच नाही." आणि त्यांनी मोबाईल समोर धरला. तेवीसच्या तेवीस पासवर्ड, अक्षर न अक्षर स्वच्छ. मी इतका खूश झालो की त्यांना दुसरा चहा सांगितला. तो चहा यायच्या आत माझा फोन वाजला.

पलीकडे राजपाल होते. राजपाल आमचे शेजारी, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्यामुळे त्यांचा आवाज निवृत्त झालेला नाही. कुजबुजले तरी चार घरं ऐकतात.

"सर, तुमचा सात नंबरचा पासवर्ड लयच सोपा आहे बाप्पा! अन् अकरा नंबरात तुमी चुलतभावाचं नाव काहून टाकलं? त्याच्यासंग तर तुमचं बोलणं नाही!"

गफ्फारभाई ते दोन्ही फोटो रोज स्टेटसला टाकतात. धंद्याची जाहिरात! 'पहले' आणि 'बाद में'. दुपारपासून एकशे बेचाळीस लोकांनी माझं 'पहले' पाहिलं होतं.

बिचाऱ्यांनी लगेच ते काढून टाकलं, कान पकडले. "माफ करा सरजी, मले वाटलं पाढे आहेत. पण तुमी एवढे पासवर्ड ठेवताच कायले? माह्या सगळ्याले एकच आहे. जमीला. बायकोचं नाव कोणी विसरते काय?"

"गफ्फारभाई, तो आता मलेही माहीत झाला."

"मंग काय झालं? तुमी का परके आहे?"

या माणसावर रागावणार तरी कसं? मी त्यांच्याबरोबर चहा पिऊन टाकला.

त्याच दिवशी योगिनीनं माझ्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं. पासवर्ड सांभाळणारं. कल्पना मला एकदम पटली. सगळे पासवर्ड एका पेटीत, ते सुद्धा आपण सुचवायचे नाहीत, ॲपच वीस-वीस अक्षरांचे अगडबंब पासवर्ड तयार करून आत ठेवतं. आपण फक्त पेटीची चावी लक्षात ठेवायची, म्हणजे मास्टर पासवर्ड. आणि सर्वात भारी गोष्ट, ही चावी कंपनीकडेही नसते. कंपनीच्या मालकानं ठरवलं तरी त्याला माझी पेटी उघडता येत नाही. ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत एवढ्या वेळा सांगितली, की शेवटी शिपाईच दुसऱ्यांना सांगू लागला.

तीन दिवस मी झपाटल्यासारखा पासवर्ड बदलत होतो. पोर्टलवर 'गुप्त प्रश्न' असतात ना, तुमच्या पहिल्या शिक्षकाचं नाव काय वगैरे? त्याची खरी उत्तरं देऊ नयेत, असं मी वाचलं होतं. खरं उत्तर गावातल्या कोणालाही माहीत असतं. म्हणून माझ्या पहिल्या शिक्षकाचं नाव मी वीस अगम्य अक्षरांचं ठेवलं आणि तेही पेटीत टाकलं. ईमेलमधून रोज लॉगआउट होऊ लागलो. दार लावलं की कडी, कडी लावली की कुलूप. असा बंदोबस्त आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणाचा नसेल.

त्या भरात मी एक काम केलं, ते आता सांगताना जरा जड जातं. योगिनी यंदा बारावी झाली. तिला शेतीचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि तेही अकोल्याच्याच कॉलेजात. दोन वर्षं तिनं दुसरं काही मनात आणलं नव्हतं. प्रवेशाच्या पोर्टलवर तिचा स्वतःचा पासवर्ड होता, तिनं ठेवलेला, तिला पाठ असलेला. मी म्हटलं, तोही दे, पेटीत टाकू.

"बाबा, तो माहा आहे."

"म्हणूनच म्हणतो. अठरा वर्षांच्या पोरीचा पासवर्ड म्हणजे मैत्रिणीचं नाव अन् पुढं एक-दोन-तीन."

"निकिताचं नाव मी टाकलंच नाही."

"मंग काय टाकलं?"

"सांगत नाही."

"सांगूही नको. बदलून टाक." आणि मी तो बदलून घेतलाच, गुप्त प्रश्नाचं उत्तर आणि ईमेलसुद्धा माझंच घातलं. ॲपनं वीस अक्षरं ओकली, आम्हा दोघांपैकी कोणालाही न दाखवता ती पेटीत गेली. जेवताना मात्र योगिनीनं मला भाकरी वाढली नाही, रूपालीला वाढायला सांगितली.

चावीची गोष्ट सांगायची राहिली, ती पहिल्याच दिवशी ठरवावी लागली होती. राजपालांना विचारलं नव्हतं, पण ते आले. "सर, मास्टर पासवर्डचे तीन नियम. लांबलचक पायजे. कुठंच लिहायचा नाही. अन् कोणालेच सांगायचा नाही. बायकोले तर मुळीच नाही!" हे शेवटचं वाक्य ते आमच्या अंगणात, त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले.

आतून रूपाली बाहेर आली. "म्हणजे घराच्या सगळ्या कुलुपाईची चावी एकट्या तुमच्याजवळ?"

"सुरक्षिततेचा प्रश्न आहे," मी प्रमाण मराठीत म्हणालो. गंभीर बोलायचं असलं की मी प्रमाण मराठीत बोलतो.

"अन् तुमाले काही झालं तं?"

"मला काय होतं?"

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला 'बरं' या शब्दाचं वजन कळायला पाहिजे होतं. मला त्या दिवशी कळलं नाही.

ॲपनं एक कागदही देऊ केला होता. 'आणीबाणीसाठी हा कागद छापून सुरक्षित जागी ठेवा.' योगिनी म्हणाली, "बाबा, हा छापा अन् आईच्या कपाटात ठेवा." मी म्हटलं, "भिंतीनं एवढं पोळल्यावर पुन्हा कागद? नाव नको काढू." आणि 'नंतर' या बटणावर बोट ठेवलं. रोज पेटी उघडायला फोनमध्ये माझा अंगठा नोंदवला. तो विचारत होता, आणखी बोटं जोडायची का? मी म्हटलं, नाही. जितकी बोटं तितकी दारं. एकच अंगठा, उजवा.

मास्टर पासवर्ड मला अगदी सहज सुचला. जगात सगळ्यांना माहीत असलेली लांबलचक वाक्यं चालत नाहीत, म्हणजे श्लोक गेले, आरत्या गेल्या. मग मला आठवला उखाणा. बायकांचे उखाणे कॉलनीभर पाठ असतात. पण नवरदेवाचा उखाणा? मांडवात पोरी हात धरून बसवतात, नवरदेव घाम पुसत एकदाचा घेतो, लोक हसतात, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळे विसरलेले असतात. माझ्या लग्नातला माझा उखाणा या पृथ्वीवर कोणाच्याही ध्यानात असणं शक्य नव्हतं. त्या क्षणी मला तो आठवला, मी सरळ मराठीत टाईप केला, आणि ॲप म्हणालं, 'अतिशय मजबूत.' एवढं कौतुक माझं शिक्षण खात्यानंही कधी केलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस सुखाचे गेले. अंगठा ठेवला की पेटी उघडायची.

मग यादी लागली. योगिनीला अकोल्याचं तेच कॉलेज मिळालं! पोरगी अंगणातून ओरडत आली आणि आईच्या गळ्यात पडली. आता पोर्टलवर जाऊन जागा 'स्वीकारली' असं नोंदवायचं होतं, तीन दिवसांत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला दार बंद, आणि न नोंदवलेली जागा पुढच्या पोराला. योगिनी म्हणाली, "आताच करू बाबा." पण राजपाल होतेच. "पहिल्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते सर. सारं अडकून पडते. शेवटच्या दिवशी दुपारून जा, गाडी रिकामी असते." तीस वर्षं गर्दी पाहिलेला माणूस. मी त्यांचं ऐकलं.

शेवटचा दिवस म्हणजे नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. घरात सकाळपासून चुली, परड्या, पाव्हणे. मला काम मिळालं कोहळं चिरायचं. आता कोहळं हे गणिताच्या मास्तराचं काम नव्हे. त्याला ना धड धरता येतं ना सोडता येतं. विळीवर ते घसरलं आणि उजव्या अंगठ्याची साल मधोमध उभी चिरली गेली. हळद लावली, चिंधी बांधली, पंगत उठली, आणि तीन वाजता मी डौलात योगिनीला म्हटलं, "चल, तुझी जागा घेऊन टाकू."

चिंधी सोडून अंगठा ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' पुसून ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' आडवा ठेवला, तिरपा ठेवला, फुंकर मारून ठेवला. पाचव्यांदा फोन म्हणाला, 'मास्टर पासवर्ड टाका.'

हात्तिच्या, एवढंच? मी योगिनीला पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं आणि टाईप केलं,

केनवडच्या बाजारात तुरीले आला भाव

आणि थांबलो. पुढची ओळ आली नाही. आत्ता येईल म्हणून मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेरही नव्हती. शेवटी 'भाव'ला जुळणारं काहीतरी होतं आणि त्यात रूपालीचं नाव होतं, एवढंच ध्यानात होतं. मी टाकलं, 'रूपालीसंग मांडला संसाराचा डाव'. चूक. 'रूपालीचं माहेर इंझोरी हे गाव'. माहेर खरं, उखाणा चूक. 'रूपालीनं घेतला माह्या काळजाचा ठाव'. हे टाईप करताना माझी मलाच शंका आली, आणि ॲपलाही आली. ते म्हणालं, आता दहा मिनिटं थांबा.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. सुरक्षितता तपासून राह्यलो."

तोवर मी दुसरे रस्ते पाहिले. पोर्टलवर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. ते म्हणालं, तुमच्या पहिल्या शिक्षकाचं नाव सांगा. माझे पहिले शिक्षक माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले, छडीसकट, पण त्यांची ती वीस अक्षरं पेटीत. पोर्टल म्हणालं, मग ईमेलवर लिंक पाठवू? ईमेलमधून मी लॉगआउट झालेलो, त्याचा पासवर्ड पेटीत. ईमेल म्हणालं, जुन्या नंबरवर आकडे पाठवू? तो नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला. शेवटी ॲपच्या कंपनीला लिहिलं, अतिशय नम्र भाषेत, प्रभारी मुख्याध्यापक असा हुद्दा घालून. लगेच उत्तर आलं की तुमचा मास्टर पासवर्ड आम्हाला माहीत नाही, तो तुमच्याशिवाय कोणालाही माहीत नाही, आणि हीच आमची हमी आहे. हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत तीन आठवडे कौतुकानं सांगत होतो, हो!

या सगळ्या खटपटीत चार वाजून गेले. पुन्हा तीन उखाणे, पुन्हा थांबा, आता वीस मिनिटं. योगिनी समोर येऊन उभी राहिली. तिला कळलं होतं. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "माहा मले पाठ होता."

पोरीनं दोन वर्षं पुस्तकात डोकं घातलं, जागा मिळवली, आणि बापानं ती जागा स्वतःच्या हातानं कुलपात घालून चावी फेकून दिली! रागात माझं प्रमाण मराठी सुटतं, आणि त्या वेळी मला स्वतःचाच राग आला होता. मी म्हटलं, "थांब पोरी. चावी आहे. घरातच आहे."

कारण तेवढ्यात मला उमगलं की मांडवात तो उखाणा ऐकणारं एक माणूस माझ्या अगदी शेजारी बसलेलं होतं. विसरली असेल. नक्कीच विसरली असेल, पण विचारायला काय जातं? जात होतं तसं बरंच.

समोरच्या खोलीत हळदीकुंकू सुरू झालेलं. महालक्ष्म्यांपुढे पंचवीस-तीस बाया, मधात रूपाली कुंकवाची कोयरी घेऊन, आणि दारात राजपाल, पत्नीला सोडायला आलेले आणि तिथंच रेंगाळलेले. मी दारातून खूण केली.

"अवं, जरा आत ये."

"अवो, इथंच सांगा. बाया खोळंबल्या आहेत."

मी बायांमधून वाट काढत तिच्या कानाशी गेलो. "लग्नात मी उखाणा घेतला होता. तुले आठवते काय?"

रूपालीचा हात कोयरीवरच थांबला. पण बाजूला बेबीबाई बसलेल्या होत्या. बेबीबाई आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि सुई पडली तरी त्यांच्या कानातून सुटत नाही. "माय वं!" त्या ओरडल्या, "सर उखाणा घेऊन राह्यले! घ्या सर घ्या! अवं पोरींनो, मोबाईल काढा!"

"तसं नाही, मी फक्त..."

"आता मांघं नाही फिरायचं!" सात-आठ मोबाईल वर झाले. भिंतीवरच्या घड्याळात चार चोवीस. ती वीस मिनिटं संपायला दोन मिनिटं बाकी, आणि पोर्टल बंद व्हायला छत्तीस. दारात योगिनी फोन घेऊन उभी. मी मुख्याध्यापक आहे, प्रभारी का होईना. झेंडावंदनाला पाचशे लोकांपुढे बोलतो. मी घसा साफ केला.

"केनवडच्या बाजारात तुरीले आला भाव..."

"व्वा!" बाया म्हणाल्या, आणि वाट पाहू लागल्या. मीही वाट पाहू लागलो. महालक्ष्म्यासुद्धा माझ्याकडे पाहत होत्या असं मला वाटलं.

"घ्या ना पुढं," रूपाली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. "तुमचाच उखाणा आहे. दुसऱ्या कोणाले सांगायचा नसन तं गोष्ट वेगळी."

राजपाल दारातून म्हणाले, "सर, 'संसाराचा डाव' लावून पाहा!"

"लावला!" मी खेकसलो. मग योगिनीकडे पाहिलं. पोरगी ओठ चावून उभी होती. मान, अब्रू, गणिताचा मास्तर, सगळं बाजूला ठेवलं आणि तीस बायांदेखत म्हटलं, "रूपाली, मले नाही आठवत. मी विसरलो. तूच सांग."

रूपालीनं कोयरी खाली ठेवली. एक क्षण मला वाटलं, ती पुन्हा 'बरं' म्हणणार. पण ती माझ्याकडे न पाहता, पोथी वाचावी तशी सलग म्हणाली,

"केनवडच्या बाजारात तुरीले आला भाव,
रूपालीच्या नावापुढे लागलं माझं नाव."

टाळ्या! बेबीबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मात्र टाळ्या संपायच्या आत बायांच्या मधून उड्या टाकत आतल्या खोलीत. लाजले, लाजले, असं मागून ऐकू आलं. लाजायला वेळ होता कोणाला? योगिनीनं फोन दिला, मी दोन्ही ओळी टाकल्या, मध्ये काहीही न घालता, आणि पेटी उघडली. पोर्टल उघडलं. राजपालांची रिकामी गाडी खच्चून भरलेली होती. चाक सात वेळा गोल फिरून अडकलं. चार सत्तेचाळीसला हिरवी पट्टी आली, 'आपण जागा स्वीकारली आहे.' योगिनी खाली बसली आणि रडली. मीही रडलो, पण माझ्या अंगठ्याला पुन्हा रक्त येत होतं, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

तिला म्हटलं, "आता हा पासवर्ड बदल. तुझा तू ठेव. मले सांगू नको."

"पेटीत नको टाकू?"

"तुह्या पेटीत टाक. तुही वेगळी पेटी घे. अन् चावी तुहीच." तिनं पाठ फिरवली नाही, मीच फिरवली.

सातच्या सुमारास गफ्फारभाईंचा फोन आला. "सरजी! क्या उखाणा है! जमीला तीन वेळा ऐकून राह्यली!" पाठोपाठ राजपाल अंगणात उभे राहून खड्या आवाजात केनवडचा बाजार पुकारू लागले. बेबीबाईंनी व्हिडिओ स्टेटसला टाकला होता. माझ्या तेवीस कुलुपांची चावी, सुरात, टाळ्यांसकट, अख्ख्या रिसोडच्या फोनमध्ये!

जेवणं झाल्यावर मी ओट्याशी गेलो. "चावी बदलावी लागते," मी म्हटलं. "पण एक सांग. मले काही केल्या आठवला नाही. तुले बावीस वर्षं कसा काय पाठ?"

रूपालीनं हात पुसले. "चार लोकाईत माह्याबद्दल तुमी एवढंच तं बोलले होते. तेबी विसरू काय?"

मी गणित शिकवतो. बावीस वर्षं आणि दोन ओळी, हा हिशेब मला तिथं उभ्या-उभ्या करता आला नाही. मी फोन तिच्यापुढं धरला. "तुहा अंगठा दे. दुसरं बोट जोडायचं काय, विचारून राह्यला."

तिनं अंगठा ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' धुऊन ठेवला, पदरानं पुसून ठेवला. "राहू द्या," ती म्हणाली, "माह्या बोटाच्या रेघा तुमच्या भांड्याईनंच खाल्ल्या. कागदावर लिहून द्या. मी ठेवते."

मग आम्ही दोघांनी मिळून नवं वाक्य ठरवलं. लग्नानंतर आठ दिवसांनी एस.टी.त, मागच्या सीटवर, ती मला काहीतरी बोलली होती. मांडवात नाही, चार लोकांत नाही. ते वाक्य तिनं सांगितलं, मी टाईप केलं, आणि ॲपचा तो आणीबाणीचा कागदही मुकाट्यानं छापून आणला. वाक्य त्याच कागदावर माझ्या अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचे मुखवटे उतरवून रूपालीनं पितळी डब्यात ठेवले, त्यांच्याखाली कागद ठेवला आणि झाकण लावलं. तो डबा वर्षातून एकदाच उघडतो आणि तिच्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही.

"पुढच्या भाद्रपदात काढन तवा पाहू," ती म्हणाली, "तुमच्या ध्यानात राह्यलं काय ते."

तेव्हापासून रोज सकाळी दाढी करताना मी ते वाक्य मनातल्या मनात तीनदा म्हणतो. योगिनी अकोल्याहून फोन करते, विचारते, "बाबा, पाठ आहे ना?" पाठ आहे. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. पाहिजे तर कधीही विचारून पाहा. म्हणजे, नका विचारू.